नाव तिचे, पत्र कोणाचे?

या वेळचे संपादकीय माफीने सुरू करावे लागत आहे.

दोन वर्षांपूर्वी धुळ्याच्या एका तरुणीने आपल्या मासिकात लेख लिहिला होता. तिच्या फुफीने वडिलांच्या घरातला आणि दुकानातला वाटा भावांच्या नावे कसा सोडला, हक्कसोडपत्रावर सही घेताना तिला काय सांगितले आणि काय सांगितले नाही, हे त्यात होते. मुलीचा वाटा कुराणाने ठरवून दिला आहे, हे सगळे तोंडाने मान्य करतात आणि निबंधकाच्या कार्यालयात मात्र तिलाच तो सोडायला लावतात, एवढेच तिचे म्हणणे होते. लेख खूप वाचला गेला. चौथ्या दिवशी तिच्या नावाने संपादकांच्या पत्त्यावर मेल आला. लेख लिहिण्यात चूक झाली, घरच्यांना त्रास होतो आहे, लेख आजच काढून टाका आणि मला फोन करू नका, असा मजकूर होता.

मी त्याच संध्याकाळी लेख काढला. ‘लेख काढला आहे, काळजी घ्या’ असे उत्तरही पाठवले. फोन केला नाही, कारण करू नका असे लिहिले होते.

तो मेल तिचा नव्हता.

हे मला गेल्या महिन्यात कळले, तेही योगायोगाने. आपल्या मासिकाचा जुना पत्रव्यवहार नीट लावण्याचे काम जळगावच्या एका विद्यार्थ्याने हाती घेतले आहे. वाचकांची पत्रे, लेखकांशी झालेली चर्चा, सभांची निमंत्रणे असे हजारो मेल एका जुन्या संगणकात पडून होते. त्यातल्या निम्म्यांचे विषय वाचताच येत नव्हते. कुठे ‘शिवाजी’सारख्या जुन्या फाँटात टाईप केलेली मराठी इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन दिसत होती, कुठे विषयाच्या जागी ‘युटीएफ-८’ आणि पुढे अक्षरे-आकड्यांची लांबलचक माळ होती.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मेलच्या वरच्या भागात, म्हणजे हेडरमध्ये, कोणाकडून, कोणाला, तारीख, विषय या ओळी असतात. १९८२ साली या ओळींचे नियम ठरले तेव्हा त्यात फक्त साधी इंग्रजी अक्षरे चालतील असे धरले होते. मराठी, उर्दू, अरबी यांचा विचारच नव्हता. पुढे १९९०च्या दशकात वाट काढली गेली. दुसऱ्या लिपीतला विषय इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक माळेत बदलून पाठवायचा आणि समोरच्या प्रोग्रॅमने तो उलगडून दाखवायचा. मध्ये कुठे एखाद्या प्रोग्रॅमला हे नीट जमले नाही, की आपल्या विषयाची माळ तशीच राहते.

या पोराने पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला. मेल उघडायचा, विषयाची ओळ काढायची, ती वाचता येईल अशी करायची, परत ठेवायची. पहिल्या फेरीत गंमत झाली. त्याने नवा विषय लिहिला, पण जुना गेलाच नाही. एकाच पत्राला दोन विषय झाले. त्या भाषेतल्या मेल हाताळण्याच्या जुन्या पद्धतीत हेडरची ओळ नव्याने दिली की ती जुनीवर लिहिली जात नाही, शेजारी जोडली जाते. आधी जुनी पुसावी लागते किंवा ‘बदला’ असे स्पष्ट सांगावे लागते. त्याने ते दुरुस्त केले आणि मला दाखवायला बसवले.

मी सहज विचारले, “विषय बदलता येतो, तर नावपण बदलता येईल?”

“चाचा, काहीपण बदलता येतं,” तो म्हणाला. दोन मिनिटांत त्याने माझ्या नावाने, माझ्या पत्त्यावरून त्यालाच लिहिलेले एक पत्र तयार केले. तारीख त्याच्या जन्माच्या आधीची. ते थंडरबर्डमध्ये उघडले, तर अगदी खऱ्या पत्रासारखे दिसले. मग त्याने प्रोग्रॅमही बाजूला ठेवला. एक मेल फाईल म्हणून उतरवून घेतला, साध्या नोटपॅडमध्ये उघडला, नाव आणि तारीख हाताने खोडून दुसरी लिहिली, पुन्हा मेलमध्ये उघडला. तोही खरा वाटला. त्याची प्रिंट काढली असती, तर जगातल्या कोणत्याही माणसाला नुसत्या डोळ्यांनी फरक सांगता आला नसता.

तेव्हा मला धुळ्याचा तो मेल आठवला.

मध्यंतरी एका सभेत ती लेखिका भेटली होती आणि तुटक बोलली होती. “सर, तुम्हीपण घाबरलात ना?” एवढेच म्हणाली. मला वाटले, स्वतःच लेख मागे घेऊन आता आम्हाला बोल लावते आहे. मी विषय वाढवला नाही. तिला वाटले संपादकांनी दबावाखाली लेख काढला. मला वाटले ती घरच्या दबावाखाली मागे हटली. दोघेही एकमेकांना भित्रे समजून दोन वर्षे गप्प राहिलो.

आम्ही तो मेल शोधला आणि त्याचे पूर्ण हेडर उघडले. ते कसे वाचायचे हे मी त्या दिवशी शिकलो, तुम्हालाही सांगतो.

टपालाचे पाकीट डोळ्यांसमोर आणा. पाठवणाऱ्याचे नाव आणि पत्ता पाठवणारा स्वतः लिहितो. तिथे त्याने कोणाचेही नाव लिहिले तरी पोस्ट अडवत नाही. पण पोस्टाचे शिक्के त्याच्या हातात नसतात. मेलमध्ये ‘फ्रॉम’ ही ओळ म्हणजे पाकिटावर लिहिलेले नाव, आणि ‘रिसीव्हड’ या ओळी म्हणजे शिक्के. मेल ज्या ज्या सर्व्हरमधून जातो तो प्रत्येक सर्व्हर आपली ओळ सर्वांत वर जोडतो. म्हणून त्या खालून वर वाचायच्या: सर्वांत खाली प्रवासाची सुरुवात, सर्वांत वर आपले घर. लबाड माणूस खाली खोटे शिक्केही मारून ठेवू शकतो. पण शेवटचा, वरचा शिक्का आपल्या स्वतःच्या सर्व्हरचा असतो. तिथून सुरू करून खाली यायचे आणि साखळी कुठे तुटते ते पाहायचे.

त्या मेलमध्ये ‘फ्रॉम’च्या ओळीत तिचाच पत्ता होता, अक्षरन् अक्षर बरोबर. पण मेल तिच्या मेलसेवेच्या सर्व्हरमधून निघालाच नव्हता, भलत्याच ठिकाणाहून आला होता. आणखी एक ओळ होती, ‘रिप्लाय-टू’, म्हणजे उत्तर कुठे जावे. तिथला पत्ता तिच्या पत्त्यासारखाच, फक्त एक अक्षर जास्त. माझे ‘काळजी घ्या’ हे उत्तर तिला कधी मिळालेच नाही. ज्याने मेल लिहिला त्यालाच ते मिळाले.

आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट अशी की आमच्या मेलपेटीने हे सगळे तेव्हाच तपासून हेडरमध्ये लिहून ठेवले होते. अशा तीन तपासण्या असतात. एसपीएफ म्हणजे त्या सेवेच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरना आहे याची यादी. डीकेआयएम म्हणजे पाठवणाऱ्या सेवेने मेलवर उमटवलेली गणिती मोहोर. डीमार्क म्हणजे या दोन्ही गोष्टी समोर दिसणाऱ्या नावाशी जुळतात का, आणि जुळत नसतील तर मेलचे काय करावे, याची सूचना. आमच्या मेलला तिन्हींत नापास लिहिले होते. मेल अडवला गेला नाही एवढेच. तपासणी झाली होती, निकाल लागला होता, तो मी वाचला नव्हता.

मेल कोणी लिहिला, हे या हेडरवरून सांगता येत नाही. म्हणून कोणावर संशय घेऊन मी दुसरी चूक करणार नाही. माझी चूक मात्र मला सांगता येते. बाई घाबरली असेल, हे मला इतके सहज पटले की खात्री करायची गरजच वाटली नाही. तोच मेल एखाद्या पुरुष लेखकाच्या नावाने आला असता, तर मी निदान एक फोन केला असता.

यात आपल्या चळवळीसाठी एका लेखापेक्षा मोठी गोष्ट आहे. संदेशाला पुरावा मानून माणसाची बदनामी होते, अटक होते, जीवही जातो. महाराष्ट्रातलीच उदाहरणे घ्या.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी माध्यमांना धमकीचा मेल गेला. त्याचा माग काढत तपास यंत्रणा नवी मुंबईत सानपाड्याला एका अमेरिकन माणसाच्या घरी पोहोचली. त्याच्या घरचे वायफाय पासवर्डशिवाय उघडे होते आणि कोणीतरी ते वापरले होते. नंतर आलेल्या मेलपैकी दोन मेलचा माग माटुंग्याच्या खालसा कॉलेजपर्यंत आणि चेंबूरच्या एका कंपनीपर्यंत गेला. इथे माग खोटा नव्हता. पण तो दारापर्यंतच नेतो, की-बोर्डवरचा हात कोणाचा हे सांगत नाही. तो माणूस परदेशी होता, त्याच्या म्हणण्याकडे लक्ष दिले गेले. उघडे वायफाय आपल्या एखाद्या मोहल्ल्यातल्या घरचे असते तर काय झाले असते, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. विचारून झाल्यावर घरच्या वायफायला पासवर्ड लावावा.

एल्गार परिषद प्रकरणात रोना विल्सन यांच्या संगणकाची तपासणी आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन संस्थेने बचाव पक्षासाठी केली. २०२१ च्या फेब्रुवारीत तिचा अहवाल पुढे आला. वरवरा राव यांच्या मेल खात्यावरून आलेली एक फाईल २०१६ च्या जूनमध्ये उघडली गेली, त्यातून संगणकाचा ताबा दुसऱ्याच्या हाती गेला आणि पुढे त्यात पत्रे पेरली गेली, असे तो अहवाल सांगतो. तपास यंत्रणेला हे मान्य नाही आणि निवाडा न्यायालय करील. आपल्यापुरता धडा असा: ओळखीच्या माणसाच्या खऱ्या खात्यावरून मेल आला, तरी लिहिणारा तोच असेल याची खात्री नसते. तिथे हेडरही पुरत नाही, फोनच करावा लागतो.

तिसरे उदाहरण आपल्या खानदेशातले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश आधी व्हॉट्सॲपवरून फिरत होते. भिक्षा मागत फिरणारी, मंगळवेढ्याकडून आलेली ती माणसे आठवडी बाजाराच्या दिवशी गावात दिसली आणि लोकांनी दोन गोष्टी जोडल्या. मेलला निदान शिक्के असतात. पुढे ढकललेल्या व्हॉट्सॲप संदेशाला मूळ लिहिणाऱ्याचे नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. त्याच महिन्यात कंपनीने अशा संदेशांवर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. जो संदेश आपल्याला मिळाला, तो ‘कोणाकडून’ आला हे राईनपाड्यात कोणी विचारले असते तर उत्तर मिळाले नसते. आणि उत्तर नाही, हेच तिथे थांबायला पुरेसे कारण होते.

‘कोणाकडून?’ हा प्रश्न आपल्याला परका नाही. हदीसचे दोन भाग आपण मदरशात किंवा घरात ऐकलेले आहेत: मतन म्हणजे मजकूर आणि इस्नाद म्हणजे तो कोणी कोणाकडून ऐकला याची साखळी. मजकूर कितीही सुंदर असला तरी साखळीत एक कडी कच्ची निघाली, की विद्वान तो बाजूला ठेवत. साखळीतल्या प्रत्येक माणसाची चौकशी करण्याचे एक स्वतंत्र शास्त्रच त्यांनी उभे केले. सूरह हुजुरातमध्येही आलेल्या बातमीची आधी शहानिशा करण्याची ताकीद आहे. ज्या समाजाच्या विद्वत्तेचा पाया ‘हे तुला कोणी सांगितले’ या प्रश्नावर उभा आहे, त्या समाजाच्या मोबाईलमध्ये सर्वांत जास्त विनासाखळीचे संदेश असावेत, हे आपल्याला शोभत नाही. ‘पाक किताब में लिखा है’ म्हणून सकाळी आलेला संदेश दुपारपर्यंत चार ग्रुपवर पाठवणाऱ्याने किताब कोणती, पान कोणते, एवढे तरी विचारावे.

आणि धुळ्याच्या मुलांनी तर दूर जायलाच नको. गावोगाव फिरून जुने कागद गोळा करणारे इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाची संशोधन संस्था आजही त्याच गावात आहे. जुने मोडी पत्र हाती आले, की अभ्यासक आधी मायना पाहतो, तिथी पाहतो, शिक्का-मोर्तब पाहतो, कागद पाहतो. मग मजकुराकडे वळतो. मेलच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो.

आता कायद्याचे थोडे. दुसऱ्याच्या नावाने मेल पाठवून फसवणे हा गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क आणि ६६-ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण तक्रार टिकायची तर मूळ मेल लागतो. बहुतेक लोक स्क्रीनशॉट घेतात, प्रिंट काढतात आणि रागाने मेल डिलीट करतात. प्रिंटवर हेडर नसते, म्हणजे शिक्के फाडून टाकलेले पाकीटच. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वादातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने स्पष्ट केले, की मूळ उपकरण हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीबरोबर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हीच अट आहे, आणि प्रमाणपत्रात त्या फाईलचा हॅश आकडाही लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाईलच्या बोटाचा ठसा. फाईलमधली एक मात्रा बदलली तरी ठसा बदलतो.

म्हणून असा मेल आला तर तो पुसू नका आणि पुढे ढकलू नका. फॉरवर्ड केलेल्या मेलला तुमचे स्वतःचे नवे हेडर लागते. जीमेलमध्ये तीन ठिपक्यांखाली ‘शो ओरिजिनल’ आहे, संगणकावर उघडा. तिथे तिन्ही तपासण्यांचा निकाल वरच दिसतो आणि मूळ फाईल उतरवून घेता येते. ती जशीच्या तशी जपून ठेवा आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. पैशांची फसवणूक असेल तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा.

शेवटी आमच्याच घरातली एक गोष्ट. जळगावच्या आमच्या मित्राच्या लक्षात आले, की आम्ही जुन्या पत्रांचे विषय दुरुस्त करत होतो तेव्हा आम्हीही काहीतरी मोडत होतो. डीकेआयएमची मोहोर मेलच्या मजकुरावर आणि निवडक हेडरांवर उमटलेली असते. त्यात सहसा विषयही असतो. चांगल्या हेतूने, शुद्धलेखनासाठी का होईना, विषयाला हात लावला की मोहोर जुळत नाही. पत्र वाचायला सोपे होते आणि खरे असल्याची खूण मात्र पुसली जाते. एखाद्या दिवशी त्या लेखिकेसारखे कोणी ‘हे पत्र मी लिहिले होते’ किंवा ‘मी लिहिले नव्हते’ असे म्हणत आले, तर आमच्या हाती दाखवायला काही उरणार नाही. म्हणून आता मूळ मेल वेगळ्या डिस्कवर, हात न लावता ठेवले आहेत. दुरुस्ती फक्त प्रतीत होते. कोणत्या पत्रात कोणती ओळ, कधी, कोणी बदलली याची वही ठेवली आहे. ‘कोणाकडून’ आणि ‘तारीख’ या दोन ओळींना प्रतीतही हात लावायचा नाही, असे ठरले आहे.

आणखी एक नियम आजपासून. लेख मागे घ्या, नाव काढा, मजकूर बदला अशी विनंती कोणत्याही लेखकाच्या नावाने आली, तर लेख दिला तेव्हा नोंदवलेल्या क्रमांकावर त्याच्याशी किंवा तिच्याशी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय काही होणार नाही. फोन करू नका असे लिहिले असेल, तर मग नक्कीच करू. लेखक खरोखर अडचणीत असेल तर त्याचे म्हणणे मानू, पण ते त्याच्याच तोंडून ऐकू.

मी धुळ्याला जाऊन त्या लेखिकेला तो मेल, त्याचे हेडर आणि माझे उत्तर असे तिन्ही कागद दाखवले. ती बराच वेळ ‘रिप्लाय-टू’च्या ओळीकडे पाहत होती. मग म्हणाली, “सर, लेख परत लावा. नाव पूर्ण लिहा.”

तिचा लेख या अंकात दोन्ही भाषांत, तिच्या पूर्ण नावाने, एक शब्दही न बदलता पुन्हा देत आहोत. तो आधी वाचा. त्याबद्दल काही म्हणायचे असेल तर तिला लिहा, आणि स्वतःच्या नावाने लिहा.